कासमचा वाफसा

९ जानेवारी, शिरूर कासार

आज दवाखान्यात बोललो. माईक नव्हता, मंडप नव्हता, बाकांवर वीसेक आजारी माणसं होती. पण बोलणं असं झालं की एका म्हातारीने खोकता खोकता टाळी वाजवली.

कासमला चार दिवस ताप आहे. कासम म्हणजे माझा लाउडस्पीकरवाला. बत्तीस वर्षं मी या कोरड्या तालुक्यात पाण्याच्या हक्कावर बोलतो आहे आणि बत्तीस वर्षं माझ्या प्रत्येक सभेचे कर्णे त्यानेच बांधले आहेत. मी मास्तरकीतून निवृत्त झालो, तो कर्ण्यांतून झाला नाही. परवा अंगात ताप असताना कर्णा बांधायला लिंबावर चढला. आज सकाळी त्याला धाप लागलेली पाहिली. मोटारसायकलवर मधे बसवला, मागे त्याची मुलगी शाहीन धरायला बसली आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरने छाती ऐकली. म्हणाला, "न्यूमोनिया दिसतो. बीडला न्या, फोटो काढा. श्वास जड आहे, सलाईन आत्ता नको."

सलाईन नको? चार दिवस ज्याच्या पोटात धड घोटभर पाणी गेलं नाही, त्याला? मी उभा राहिलो. म्हणालो, "डॉक्टर, या तालुक्याने दुसऱ्यांची धरणं भरताना पाहिली, दुसऱ्यांच्या रानातून कालवे जाताना पाहिले. आता आमच्या माणसाच्या शिरेतसुद्धा पाणी जाऊ द्यायचं नाही काय?" बाकांवरून आवाज आला, "मास्तर खरं बोलतो. बाटली लावल्याबिगर कुठं फरक पडतो?" कासमही हात हलवून काहीतरी सांगत होता, पण मी ऐन मुद्द्यावर होतो.

डॉक्टर एका बाटलीला तयार झाला. संध्याकाळपर्यंत मी त्या चार करून घेतल्या. कासमचा चेहरा कसा टवटवीत, भरलेला दिसतो आहे! बीडचं उद्या बघू.

१० जानेवारी, बीड

उद्या बघू म्हणणाऱ्याच्या तोंडावर मारलं पाहिजे. पहाटे कासमच्या बायकोचा, आमिनाभाभींचा फोन आला: "मास्तर भाऊ, यांना झोपता येत न्हाई. उठून बसलेत. ओठ काळे पडलेत." जीप केली. वाटेत कासम माझ्या खांद्याला टेकून श्वास असा ओढत होता, जसा आटलेल्या विहिरीतून पोहरा ओढतात.

दवाखान्यात त्याला आत नेलं, नरड्यात नळी घातली, श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. शाहीनने कागदांवर सह्या केल्या. प्रत्येक कागद तिने आधी वाचला. माझा चष्मा मात्र दोनदा खाली पडला.

इथल्या डॉक्टर रोहिणी. पस्तिशीच्याही नसतील. त्यांनी विचारलं, "काल सलाईन किती दिलं होतं?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "पूर्ण चार बाटल्या. मी जातीने उभं राहून."

त्यांनी आकडा कागदावर लिहून घेतला आणि खाली दोन रेघा मारल्या. इतकी नीट माहिती देणारे नातेवाईक त्यांना रोज थोडेच भेटत असतील.

११ जानेवारी

आज रान पेटवलं!

सकाळी डॉक्टर रोहिणींनी आम्हाला बोलावलं. म्हणाल्या, "फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. आजाराने त्यांच्या भोवतीच्या रक्तवाहिन्या गळक्या झाल्यात, रक्तातलं पाणी पाझरून पिशव्यांत उतरतंय. काल दाब पडला होता म्हणून आम्हीही पाणी दिलं. तेव्हा ते लागत होतं. आज दाब सावरला. आता सलाईन बंद. औषधापुरतं आणि नळीतून पेज, तेवढंच."

म्हणजे बेशुद्ध माणसाचं पाणी तोडायचं! हे मी ऐकून घेणार? बाहेरच्या हॉलमध्ये आलो आणि सुरुवात केली. नाईल सांगितली, सिंधू सांगितली, पाण्याच्या एका टाकीवरून उलटलेली राज्यं सांगितली. "माणसाच्या देहात निम्म्याहून जास्त पाणी आहे, आणि इथे त्याच पाण्याला नाही म्हणतात!" हॉलमधली चाळीस माणसं गोळा झाली. एक वॉचमनसुद्धा मान डोलवत होता.

दार उघडून एक सिस्टर बाहेर आली. ठेंगणी, सावळी, कमरेला पदर खोचल्यासारखी उभी राहणारी. नाव मंगल. तिने शेवटचं वाक्य पूर्ण होऊ दिलं, हे मान्य केलं पाहिजे.

"झालं भाषण, सर? छान बोलता. अक्षर कसं हाय तुमचं?"

"मी छत्तीस वर्षं मास्तर होतो."

"मग हे धरा." तिने रेघा मारलेला कागद आणि पेन दिलं. "मी दर दोन तासांनी दाराशी येऊन आकडे सांगन. आत किती पाणी गेलं, बाहेर किती आलं. तुमी लिहायचं. सांजच्याला बेरीज करून मला दाखवायची. मधे हाललात तर आकडा चुकन. बोललात तरी चुकन."

जनमताचा दबाव म्हणतात तो हा. एका भाषणात अख्ख्या रुग्णालयाने आपला कारभार माझ्या देखरेखीखाली दिला. कोपऱ्यात शाहीन ओढणी तोंडावर धरून खोकत होती. तिलाही लागण झाली नाही ना?

१२ जानेवारी

मोजणी नेटकी चालू आहे. कालची बेरीज, सलाईन बंद होईपर्यंतचं धरून: आत बत्तीसशे मिली, बाहेर हजार. लघवीची पिशवी, एवढीच बाहेरची वाट. पहिल्या दिवसापासूनचं सगळं धरलं तर कासमच्या अंगात साडेपाच लिटर पाणी जास्तीचं आहे. मला वाटायचं, आपलं माणूस भरलेलं दिसतं म्हणजे सुधारलं. आज भेटीच्या वेळी त्याचा हात हातात घेतला. मनगटावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि खड्डा तसाच राहिला.

मंगल सिस्टर दुपारी डबा खायला बाकावर बसली. मी तिला माझ्या मोहिमेचा गाभा समजावून सांगू लागलो. तिने भाकरीचा तुकडा मोडला.

"सर, तुमी शिरूरचे. तुमच्याकडं पाणी न्हाई म्हणून रडू. माझं माहेर माजलगावच्या कालव्याखालचं. आमच्याकडं पाणी लई झालं म्हणून रडू."

"पाणी जास्त झालं म्हणून रडणारा माणूस मी पाहिला नाही."

"मग ऐका. कालवा आला तवा आमचा आजा येडाच झाला. ऊस लावला, अन् पाण्याचं बारं सोडायचा तर बंदच करायचा न्हाई. म्हणायचा, बाप बिनपाण्याचा मेला, मी न्हाई मरू देणार. धा वर्षांत रान चिबडलं. पाय टाकला की पचाक. ऊस पिवळा, मुळ्या काळ्या. मुळीला हवा लागती ना, सर. पाण्यात ती गुदमरती."

मी हातातल्या कागदावरचा आकडा पुन्हा पाहिला.

"कासमचाचाचं फुप्फुस तसंच चिबडलंय. वर यंत्र कितीबी हवा मारू द्या, खाली पाणी साचलं तर हवा बसन कुठं?"

"मग आज्याने काय केलं?"

"आज्यानं काय बी न्हाई केलं, तो भांडत बसला. बापानं बारं बंद केलं अन् बांधाकडंनी चर खांदले. पाणी निघू दिलं. रान वाफशावर आलं." डबा बंद करत म्हणाली, "आमचं लघवीचं इंजेक्शन म्हणजे चरच की. तेवढा आकडा नीट लिहा."

वाफसा! ओल असावी आणि ओलीत हवा खेळावी, नांगराला माती चिकटू नये आणि ढेकूळही फुटावं. हा शब्द मी आईच्या दुधाबरोबर शिकलो. बत्तीस वर्षांत पाण्यावर हजारेक भाषणं केली आणि त्यांतल्या एकाही भाषणात हवा आली नाही.

तरी सगळं पटलं असं नाही. माणूस म्हणजे उसाचा फड नव्हे. उद्या डॉक्टरांकडून त्यांचं जाडं पुस्तक मागणार आहे.

१३ जानेवारी

पुस्तक मिळालं. डॉक्टर रोहिणी म्हणाल्या, "वाचा, पण प्रश्न रोज तीनच."

आज कासमला पालथं झोपवलं. पाच जणांनी मिळून, नळ्या सांभाळत, लेकराला वळवतात तसं. पाठीकडचं दबलेलं फुप्फुस मोकळं व्हावं म्हणून. आणि इंजेक्शनला पाणी लागलं! दोन तासांत सातशे. पुढच्या दोन तासांत साडेपाचशे. प्रत्येक आकड्याला मी "वा!" म्हणत होतो. शेजारच्या बाकावरच्या पाव्हण्याला वाटलं, मी क्रिकेट ऐकतोय. त्याने विचारलं, "कोण खेळतंय?"

दुपारी घरून वनमालाचा फोन. "अहो, काय करताय?"

"लघवी मोजतोय."

पलीकडे कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या. मग म्हणाली, "मोजा. भाषण करण्यापरीस बरं हाय."

आजची बेरीज: आत चौदाशे, बाहेर तीन हजार शंभर.

१४ जानेवारी

आज संक्रांत. तालुका इकडे लोटला. कासम उरुसाचे कर्णे बांधतो, सप्त्याचेही बांधतो, लग्न कुणाचंही असो. म्हणून माणसंही सगळीकडची आली, आणि प्रत्येकाच्या हातात काय? पाणी. भाभींच्या भावाने हजहून आणलेलं जमजम. सप्त्याच्या मंडळींनी तांब्यात तीर्थ. बाजारातल्या फळवाल्यांनी अकरा शहाळी. एका बाईने चुलीवर उकळलेलं तांदळाचं पाणी बरणीत आणलं होतं. आमच्या तालुक्यात माया दाखवायची तर माणूस पाणीच घेऊन येणार. दुसरं एवढं मोलाचं आहे काय आमच्याकडे?

"एक चमचा तरी नळीतनं सोडा," सगळ्यांचं म्हणणं.

चार दिवसांपूर्वीचा मी असतो तर दार मोडलं असतं. आज दाराला पाठ लावून मी उभा राहिलो. "कुणी आत जायचं नाही. त्याच्या अंगातलं पाणीच आपण बाहेर काढतोय." लोक माझ्याकडे असे बघत होते, जणू मी दुसऱ्या पक्षात गेलो. सप्त्यातला एकजण बोललाच, "मास्तर, तुमी? पाणी नको म्हणता?"

भाभींनी सोडवलं. प्रत्येक भांडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, बाकाखाली रांगेत मांडलं आणि म्हणाल्या, "उठले की सगळ्यांचं पितील. आता तुमी तिळगूळ घ्या." शहाळी आम्हीच संपवली.

गर्दी पांगल्यावर शाहीन माझ्याजवळ बसली. शहाळ्यातली नळी नुसतीच फिरवत होती.

"मास्तरचाचा, एक सांगू? राग न्हाई ना येणार?"

"बोल."

"त्या दिवशी दवाखान्यात अब्बा हात हालवत होते. ते म्हणत होते, बाटली नको, छातीत भरल्यावानी होतंय. मी ऐकलं. पण तुमी बोलत होते... अन् तुमी बोलत असले की मधी कोण बोलणार?"



१५ जानेवारी

आजचे तीन प्रश्न मी एकाच प्रश्नात संपवले. डॉक्टर रोहिणींसमोर उभा राहिलो. "त्या चार बाटल्या... माझ्यामुळे..."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, आजार न्यूमोनियाचा. तो बाटल्यांनी आणला नाही. तहानलेल्या माणसाला एखादी बाटली चालली असती. चार जास्त झाल्या, भिजत्या रानात पाणी सोडलं. आधी इथे आले असते तर बरं झालं असतं." पेन पुन्हा उचललं. "तुम्हाला गोड बोलून फसवावं असं मला वाटत नाही."

मला राग यायला हवा होता. पण खोटं न बोलणारा माणूस समोर असला की मला कायम बरं वाटतं.

भाभींनाही सांगितलं. त्या ताटलीत डाळिंब सोलत होत्या. म्हणाल्या, "मला ठावं हाय, मास्तर भाऊ. मी तवाच घरी म्हणले, मास्तर संगं हाय म्हणजे दोनात भागायचं न्हाई, चार लावून येणार." आणि हसल्या. "आता डाळिंब खावा. तुमी आडवे झालात तर हिशेब कोण लिहिणार?"

१६ जानेवारी

उलटंच झालं. तीन दिवसांत जवळजवळ पाच लिटर काढलं आणि आज सकाळी रक्तदाब घसरला. लघवी आटली. मूत्रपिंडाच्या तपासणीतला आकडा वाढला. डॉक्टर रोहिणींनी इंजेक्शन थांबवून छोटी बाटली लावली, अडीचशेची.

मी हर्षाने उठलो. "म्हणजे पाणी द्यावंच लागतं!"

"लागतं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मोजतो."

मंगल सिस्टरने जाता जाता टोला हाणला. "चर लई खोल खांदला की कडंचा ऊस वाळतो, सर. माझ्या बापानं बी एक वर्ष वाळवला होता. मग परत थोडं बारं दिलं."

दुपारी दोनपर्यंत आकडा शून्याच्या आसपास. चारला चाळीस. सहाला नव्वद. नव्वद मिली म्हणजे कपभर चहा नाही, पण तो आकडा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अक्षर हललं. मी आयुष्यभर एका बाजूने बोललो. एका बाजूने बोलणं सोपं असतं, आवाज चढवता येतो. डॉक्टर रोहिणींना रोज सकाळी उठून नवीन बाजू घ्यावी लागते, आणि कालची सोडताना त्यांना लाज वाटत नाही. हे मला जमेल का? शंका आहे.

१८ जानेवारी

काल शिरूरला जाऊन आलो. पाणी परिषद महिनाभर आधी ठरलेली, मुख्य वक्ता मीच. जाऊ नये असं वाटत होतं, पण भाभी म्हणाल्या, "जावा. इथं बसून तुमी मला अन् शाहीनला नाईल नदीच सांगता."

लाउडस्पीकर दुसऱ्याचा होता. माझा आवाज चढला आणि कर्णा असा किंचाळला की पुढच्या रांगेतल्या बायका कानात पदर कोंबून उठल्या. मंडपामागे बांधलेला एक बैल दावं तोडून पळाला. यंत्रच भिकार. कासमच्या यंत्रावर असं एकदाही झालं नाही. तो तर माझं भाषण संपेपर्यंत आवाजाच्या बटणावरचा हात काढत नसे, इतकं त्याचं ऐकण्यात लक्ष! भाभींना हे सांगितलं तर त्यांना का हसू आलं, कळलं नाही.

भाषणात मी वाफसा सांगितला. प्रथमच. टाळ्या कमी पडल्या. दोन म्हातारे शेतकरी मात्र नंतर येऊन हात धरून गेले.

कासमचा दाब टिकला आहे. यंत्राचा प्राणवायू साठ टक्क्यांवरून चाळीसवर आला. फोटोत पांढरं कमी, काळं जास्त. फुप्फुसाच्या फोटोत काळं म्हणजे हवा. काळ्या रंगाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

१९ जानेवारी

नळी काढली! सकाळी अर्धा तास यंत्राचा जोर कमी करून पाहिला, त्याने स्वतः श्वास ओढला, आणि साडेअकराला नळी बाहेर. नाकाला ऑक्सिजन आहे. मी आत गेलो. कासमने डोळे उघडले, मला पाहिलं.

"मास्तर..." श्वास. "जित्ता..." श्वास. "हाय."

डॉक्टर रोहिणींनी मला बाजूला घेतलं. "आता पाण्याचे आकडे आम्ही बघू. तुम्हाला दुसरं काम. हे एका श्वासात किती शब्द बोलतात, ते रोज बघा. आज एक आहे. त्याच्यावरून मला कळेल."

शब्द मोजायचं काम, आणि ते मला! ही मुलगी कधी ना कधी निवडणूक जिंकेल.

२० जानेवारी

आजचं लिहिणं जड जातंय, पण लिहितो.

नळी होती म्हणून गिळणं अजून कच्चं आहे. पाणी श्वासनलिकेत गेलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून तासाला दोन चमचे, बसवून, हनुवटी खाली करून. शिवाय दिवसाचं एकूण ठरलेलं. बाकी वेळ ओला कापूस ओठांना.

दुपारी भेटीची वेळ. मंगल सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेली. मी आणि कासम दोघंच. टेबलावर पाण्याचा जार.

"मास्तर." श्वास. "पाणी."

"आत्ताच दोन चमचे झाले. अजून पाऊण तास."

"एक घोट." श्वास. "घसा जळतो... बे."

मी कापूस भिजवून ओठांना लावला. त्याने तो दातांत धरून चोखला. मी सोडवून घेतला. मग त्याने जे केलं त्याला मी तयार नव्हतो. हात जोडले. सुईचे डाग पडलेले, सुजेतून उतरून सुरकुतलेले हात.

"तूच म्हणायचा ना." श्वास. "तान्हेल्याला..." श्वास. "पाणी न्हाई देत..." श्वास. "तो माणूस न्हाई."

म्हणायचो. याच माणसाने बांधलेल्या कर्ण्यातून म्हणायचो.

जार हाताच्या अंतरावर होता. माझा हात त्याच्यावर गेलाही. थंड होता, बाहेरून दव धरलं होतं. एक घोट. कोण बघतंय? माझा मित्र दहा दिवस तहानलेला आहे, त्यातले काही दिवस तर माझ्याच अतिशहाणपणामुळे, आणि एका घोटाने काय होणार?

चार बाटल्यांच्या वेळी मी हेच म्हणालो होतो.

मी जार उचलला आणि त्याच्या नजरेपलीकडे, खिडकीत नेऊन ठेवला. परत आलो, म्हणालो, "नाही देणार. शिव्या दे."

त्याने शिवी दिली नाही. भिंतीकडे तोंड केलं. पाऊण तासाने मीच दोन चमचे पाजले. ते त्याने घेतले, पण माझ्याकडे न बघता. हनुवटी खाली, जसं शिकवलं तसं. ठसका लागला नाही.

बाहेर येऊन मी बाकावर बसलो. मंगल सिस्टर शेजारी टेकली. तिने पाहिलं होतं सगळं.

"मला वाटलं, तुमी देताय," ती म्हणाली.

"मलाही वाटलं होतं."

२२ जानेवारी

कासम माझ्याशी बोलत नाही. भाभींशी बोलतो, शाहीनशी बोलतो, झाडूवालीशी बोलतो. मी गेलो की डोळे मिटतो. मग शब्द मोजायचे कसे? पडद्याआड उभा राहतो. काल चार. आज सकाळी भाभींना म्हणाला, "त्या मास्तरला सांग, घरी जाय म्हणावं." सहा! मी पडद्यामागे मूठ आवळली. शाहीन म्हणते, "चाचा, तुमचा पाय दिसतो खाली."

गिळणं सुधारलं. आज अर्धा कप चहा दिला. हा चहा दुसऱ्या कुणाच्या हातून जावा असं मीच म्हटलं. लांबून पाहिला. इतका हळू चहा पिताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

माझ्यावर रागावला असेल तर रागावू दे. हे लिहिताना मात्र खरं लिहितो: आत कुठेतरी लागतंय.

२४ जानेवारी

आयसीयूतून वॉर्डात हलवलं. खाट खिडकीपासून तिसरी. सकाळी ऑक्सिजन काढून पाहिला. बोटाला लावलेलं यंत्र चौऱ्याण्णव दाखवत राहिलं. दहा पावलं चालला, शाहीनच्या खांद्यावर हात ठेवून.

मंगल सिस्टर वर भेटायला आली होती. मी तिला खिडकीशी गाठलं. तिच्या आज्याच्या चिबडलेल्या रानावरून मला आमच्याकडच्या जुन्या विहिरी आठवल्या होत्या, त्यांचे पाझर, त्यांची वाटणी. विषय रंगत होता. तेवढ्यात मागून आवाज आला. घोगरा, पण वॉर्डातल्या सगळ्या खाटांवर पोचणारा.

"ए मास्तर, चार दिस झाले मी तुझ्याशी बोलत न्हाई, तरी तू तिथं खिडकीत उभा राहून त्या सिस्टरला निजामाच्या काळातल्या विहिरींचं पुराण कशापायी सांगाया लागला बे, तिला दुसरी कामं न्हाईत का?"

वॉर्ड हसला. मंगल सिस्टर हसली. भाभींनी पदर तोंडाला लावला. मी मात्र बोटांवर मोजत उभा होतो, पुन्हा पहिल्यापासून मोजत होतो. तीस. मधे एकही श्वास नाही.

कासम खाटेवर कोपर टेकून बसला होता, मी उलट उत्तर देईन म्हणून वाट बघत. मी डोळे पुसले, जवळ गेलो आणि त्याला म्हणालो, "असंच परत म्हण, एकदम. थांब, आधी डॉक्टरबाईंना बोलावतो."